नाव आमचे, चूक कोणाची?



पऱ्हाटीवर अळी आली तर फवारा मारता येतो. नावाला अळी लागली तर काय करायचे? हा प्रश्न थट्टेचा नाही.

आमच्या आज्यांनी तोंडाने नाव सांगितले, तलाठ्याने कानाला आले तसे लिहिले. गाव ज्याला ज्ञानबा म्हणते तो सातबाऱ्यावर ज्ञानबा राहिला आणि शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर झाला. मग आधार कार्ड आले आणि नाव इंग्रजीत गेले. इंग्रजीत 'ज्ञ' नाही. तो कोणी 'डी' लावून लिहिला, कोणी 'जी' लावून. एका शेतकऱ्याचे कागदावर तीन शेतकरी झाले. इंग्रजीत 'ळ' नाही, म्हणून काळे तिकडून परत येताना 'काले' होऊन येतात. 'ढ' आणि 'ध' तिथे एकच, म्हणून पंढरीचा 'पंधरी' होतो. गावात हाक मारली की माणूस ओ देतो. यंत्र मात्र अक्षर बघते.

याची किंमत आम्ही मोजतो. केंद्राची किसान सन्मान योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. नाव आधारशी जुळले नाही की २,००० चा हप्ता अडकतो. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राज्याच्या कर्जमाफीतही आधारची ओळख पटवावी लागली. पीक कर्ज असो की कापसाची सरकारी खरेदी, कागद जुळलेच पाहिजेत. न जुळले तर तालुक्याला हेलपाटे, एसटीचे भाडे, प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि बुडालेली मजुरी. चूक लिहिणाऱ्याची, दंड आम्हाला!

बायांचे हाल तर दुप्पट. माहेरी एक नाव, लग्नात दुसरे. धनी गेल्यावर वारस नोंदीला उभी राहिली की तिलाच विचारतात, ही बाई तूच कशावरून? मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. चांगले झाले. पण त्या आईचे नाव तरी सगळ्या कागदांवर एक आहे का?

आणखी एक. कार्यालयात व्यापारी आला की तो 'गणपतराव', आम्ही गेलो की 'ए गणप्या'. ज्याच्या तोंडी आमचे नाव धड येत नाही, तो ते कागदावर धड कशाला लिहील?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या कार्यालयात चूक झाली, त्यानेच ती विनाखर्च दुरुस्त करावी. सातबाऱ्यावरील लेखनातली चूक सुधारण्याची तरतूद जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहेच. त्यासाठी गावोगाव शिबिरे घ्या. माणूस गावाला ठाऊक असताना एका अक्षरासाठी त्याचे पैसे अडवू नका. आणि मराठी नाव मूळ धरा, इंग्रजी त्याची नक्कल.

आपल्याकडूनही एक काम व्हावे. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक आणि शाळेचा दाखला घरी शेजारी शेजारी ठेवा. घरातल्या बाईचे कागदही काढा. अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. गावाची यादी करा आणि जिल्हा बैठकीला घेऊन या. एकटा गेला तर त्याला उद्या या म्हणतील. शंभर गावांच्या याद्या घेऊन गेलो तर आमची नावे त्यांना नीट वाचावीच लागतील.