पोट, टक्कल आणि पॅकेज

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांच्या जाहिराती सुरू होतात. शालू, दागिने, हॉल आणि केटरर यांच्या पंगतीत आता कॉस्मेटिक सर्जरीची ‘ब्रायडल पॅकेजेस’ही येऊन बसली आहेत, आणि नवरदेवही त्यातून सुटलेले नाहीत. केस लावणं, छाती सपाट करणं, पोटाची चरबी, डोळ्यांखालच्या पिशव्या, नाक. प्रत्येकापुढे किंमत, त्यावर काट मारून दुसरी किंमत, खाली ‘सुलभ हप्ते’.  पण माझी तक्रार किमतीबद्दल नाही, यादीबद्दल आहे. उडुपी हॉटेलातल्या फळ्याकडे बघून ऑर्डर द्यावी तशी शस्त्रक्रिया निवडायची, असं त्या यादीने गृहीतच धरलंय. माझ्या मते ती निवडणं हे गिऱ्हाइकाचं काम नव्हेच. त्याने आपल्याला काय खुपतंय ते सांगावं, आणि वेळ आली तर ‘नाही’ म्हणेल असा डॉक्टर शोधावा.

पोटाचंच घ्या, आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पोट काही एकाच कारणाने सुटत नाही. कातडीखाली चरबी साठते, तशीच ती आत, आतड्यांभोवतीही साठते. गरोदरपणात पोटाचे मधले उभे स्नायू एकमेकांपासून फाकतात आणि काही जणींचे ते नंतर नीट जवळ येत नाहीत. ताणलेली कातडी सैल पडते ती वेगळीच. लायपोसक्शनची नळी यातल्या फक्त पहिल्या चरबीपर्यंत पोचते. ज्या गृहस्थाचं पोट गोल आणि टणक आहे, चिमटीत जेमतेम कातडीच येते, त्याची चरबी आत आहे. तिथे नळी चालत नाही, चालावं त्याने स्वतः. जिच्या कातडीची घडी लोंबतेय तिची नुसती चरबी काढली तर घडी रिकामी होऊन आणखी लोंबते. तिला टमी टक लागतं, म्हणजे जादा कातडी कापून टाकायची आणि फाकलेले स्नायू शिवून जवळ आणायचे. त्याचा व्रण ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जन्मभर राहतो, आणि पुढे मूल हवं असेल तर हे सगळं तोवर लांबणीवर टाकलेलं बरं. लायपोसक्शन हा वजन उतरवण्याचा उपाय नाही, हे सर्जन मंडळी सांगून थकली. एका वेळी पाच लिटरच्या वर काढायचं तर ते मोठं ऑपरेशन धरतात आणि निदान एक रात्र रुग्णालयात ठेवून घेतात. जाहिरातीत मात्र ‘सकाळी या, संध्याकाळी घरी’. पुरुषांच्या छातीचीही तीच कथा. ग्रंथी वाढली असेल तर ती कापून काढावी लागते, नुसती चरबी असेल तर नळीने भागतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची असेल तर बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपोआप बसते. म्हणजे त्या मुलासाठी योग्य शस्त्रक्रिया कोणती, तर कोणतीही नाही. हे उत्तर यादीत कुठे छापणार?

केसांचा हिशेब याहून कडक आहे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस सहसा टकलाला दाद देत नाहीत, म्हणून ते मुळासकट काढून पुढे लावतात. नवा केस एकही तयार होत नाही, आहे तोच जागा बदलतो. हा साठा ठरलेला. चोविसाव्या वर्षी कपाळावरची रेषा दाट करून घेतली आणि तिशीत टक्कल मागे सरकत गेलं, तर पुढे झालर, मध्ये चकचकीत मैदान आणि ते भरायला मागे शिल्लक काही नाही. म्हणून जाणता डॉक्टर तरुण मुलाला आधी औषधांवर ठेवतो आणि गळती स्थिरावली की मग बघू म्हणतो. पॅकेजवाला ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट लावायचे केसांचे पुंजके, मोजतो. जितके जास्त तितकी ‘बचत’. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतले आणि दोन-तीन दिवसांत तो दगावला. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली होती. जाहिराती कमी झाल्या नाहीत.

इतर दुखण्यांत डॉक्टरला टेकायला रिपोर्ट असतो. अपेंडिक्स सुजलंय का, हे सोनोग्राफी सांगते. नाक मोठं आहे का, हे कोण सांगणार? तक्रार आरशातली, आणि आरसा पेशंटचा. काहींचं दुखणं तर नाकात नसतंच. दुसऱ्या कुणाला न दिसणारं व्यंग दिवसरात्र मनात घोळवत बसणं हा एक मानसिक आजार आहे. तो शंभरात साधारण दोघांना असतो आणि कॉस्मेटिक सर्जनच्या दारी येणाऱ्यांत त्याचं प्रमाण बरंच जास्त सापडतं. अशा माणसाचं नाक कितीही सुबक केलं तरी त्याचं समाधान होत नाही. काही दिवसांनी तो हनुवटीची तक्रार घेऊन येतो. त्याला समजावून परत पाठवणं हे या पेशातलं सगळ्यात अवघड काम, आणि पॅकेजची सगळी मांडणी ते काम होऊच नये अशी असते. तिथे पहिल्यांदा भेटतात त्या काउन्सेलर मॅडम. त्यांच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट. शस्त्रक्रिया त्या ठरवतात, तारीख त्या देतात, अ‍ॅडव्हान्स घेतात, हप्त्याचा फॉर्मही भरून घेतात. डॉक्टर नीट भेटतो तो ऑपरेशनच्या दिवशी, टोपी-मास्क लावलेला. त्या घटकेला त्याने ‘तुम्हाला याची गरज नाही’ म्हणावं ही अपेक्षा फारच झाली.

यावर कुणी म्हणेल, शरीर त्याचं, पैसा त्याचा, तुमच्या पोटात का दुखतं? रास्त आहे. चांगलं दिसावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि दातांना तारा लावणाऱ्या, केसांना मेंदी फासणाऱ्या समाजाने तरी त्यावर प्रवचन देऊ नये. सरकारनेही हा मामला हौसेच्या खात्यात टाकलाय. वैद्यकीय सेवेवर सहसा जीएसटी नाही. पण कॉस्मेटिक सर्जरीवर, आणि हेअर ट्रान्सप्लांटचं तर नाव घेऊन, १८ टक्के आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघाताची इजा दुरुस्त करायची असेल तरच सूट. विमा कंपन्याही निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला हात लावत नाहीत. पण हौस म्हणून घेतलेली भूल काही सौम्य होत नाही. २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक तरुण कन्नड अभिनेत्री गेली. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने निवडणाऱ्याला नकारही ऐकायला मिळायला हवा. तो ऐकून मग काय करायचं ते त्याने ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे: हात बसलेला असला की झालं, पदव्या कशाला? याला दाखला थेट पुण्याचा मिळतो. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैल हाकणारा १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच हिंडला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकीकत चित्रासह छापली. मेणाचं नाक करून जागेवर बेतायचं, मग तेच कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ ओढायची. त्या मापाची कातडी सोलायची, पण भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी पिळून खाली आणायची, नाकाच्या कडांशी जुळवायची, आणि सांधा धरून ठेवायला कापडाच्या पट्ट्यांवर ओला काथ लावायचा. हो, विड्यातला काथ. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. वरची जोडपट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. हे वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यूने तयारी केली आणि १८१४ मध्ये तिथे अशी शस्त्रक्रिया केली. ज्याच्या हातून हे झालं त्या पुण्याच्या कारागिराचं नाव मात्र त्या मजकुरात नाही, आणि आपणही त्याचं कुठे स्मारक केलंय!

पण आक्षेपाला उत्तर याच हकीकतीत आहे. कावसजीला नाकच नव्हतं. काय करायचं याबद्दल संशय नव्हता, प्रश्न उरला होता तो फक्त हाताच्या कसबाचा. आज समोर बसलेल्याला नाक आहे, पोट आहे, थोडे केसही आहेत, त्यामुळे करावं की नाही हा विचार कसबाच्या आधी येतो. तो शिकायला बरेच पेशंट बघावे लागतात आणि त्यातल्या काहींना परत पाठवताना गुरूला बघावं लागतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रिया सुरू करू नयेत, असं डॉक्टरांना चक्क लेखी बजावलं. तेव्हा चौकशीला जाणाऱ्याने प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाची पदवी कुणाकडे आहे, सुरी कोण धरणार, भूल कोण देणार, काही बिघडलं तर अतिदक्षता विभाग किती लांब हे विचारावंच. आणि जोडीला, अलीकडे कुणाला परत पाठवलंत आणि का, हेही. हे शेवटचं डॉक्टरलाच विचारा. काउन्सेलरच्या फॉर्मात त्याला रकाना नाही.