निर्दुग्ध आहाराचा महिना व कास्तकाराचा हिशेब

शहरांतील सुशिक्षित मंडळींत हल्ली एक नवे व्रत निघाले आहे. महिनाभर मांस, मासे, अंडी तर वर्ज्यच, परंतु दूध, दही, ताक, लोणी, तूप हेही तोंडात घालावयाचे नाही. जे जमिनीतून उगवेल तेवढ्यावरच राहावयाचे. ह्यास इंग्रजीत ‘व्हीगन’ आहार म्हणतात. ह्या लेखापुरते आम्ही त्यास ‘निर्दुग्ध आहार’ म्हणू. मुलांच्या हातांतील मोबाइलवरून ही वार्ता आता खेड्यांतही येऊन पोहोचली आहे. आमच्या शिरूर कासार तालुक्यात पारावर हा विषय निघाला की दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कित्येक हसून म्हणतात, ही पोट भरलेल्यांची थेरे आहेत. दुसरे रागावून म्हणतात, हा आमच्या गोठ्यावरच घाला आहे. आम्हांस दोन्ही मते घाईची वाटतात. घरातील प्रौढ व धडधाकट माणसांनी हा प्रयोग एका महिन्याच्या मुदतीने व वही हातात घेऊन केला, तर कास्तकाराचा त्यात तोटा नाही. आपल्या गोठ्याचा खरा हिशेब त्यास ह्या निमित्ताने दिसेल, असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही कारणांसह वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम उगम पाहू. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी दूध व अंडीही न खाणाऱ्या शाकाहाऱ्यांची स्वतंत्र संस्था काढली, तेव्हा हा शब्द घडविला गेला. तेथेच २०१४ सालापासून जानेवारी महिना ह्या आहाराचा प्रयोग करून पाहण्यासाठी राखण्याची चळवळ सुरू झाली. आपल्या देशात अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ साली अशा पदार्थांकरिता वेगळे नियम केले व त्यांच्या वेष्टनावर छापावयाचे चिन्हही ठरविले. सबब ही गोष्ट चार दिवसांची अफवा म्हणून सोडून देता येत नाही.

नाव परके असले तरी आचार मात्र आपणांस अगदी अनोळखी नाही. चातुर्मासाच्या जुन्या नियमांत श्रावणात पालेभाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध व कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करण्याचा प्रघात आहे. आणि तो पाळणाऱ्या वृद्ध स्त्रिया आमच्या पिढीतील बहुतेकांनी घरोघर पाहिल्या आहेत. ऋषिपंचमीस तर त्याहून पुढचे पाऊल आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले काहीही खावयाचे नाही, परसात हाताने लावलेल्या भाज्यांवर दिवस काढावयाचा, असा दंडक स्त्रिया पाळीत आल्या. ज्याच्या मानेवर जू ठेवून आपण वर्षभर खातो त्याची एक दिवस तरी आठवण व्हावी, एवढा अर्थ त्यातून कोणीही घ्यावा. ह्या दोन्ही व्रतांत एक शहाणपण दिसते. त्यांस मुदत आहे व मुदतीअंती उद्यापन आहे. जन्मभराची शपथ त्यांत कोणी घ्यावयास सांगितलेली नाही.

जन्मभराच्या शपथेची अडचण महात्मा गांधींच्या चरित्रात स्पष्ट दिसते. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असता १९१२ साली त्यांनी दूध सोडले. गाई-म्हशींचा शेवटचा थेंबही निघावा म्हणून गवळी जे क्रूर उपाय योजीत, त्यांची वर्णने वाचून त्यांचा तो निश्चय दृढ झाला होता. पुढे १९१८ साली ते कठीण दुखण्याने अंथरुणास खिळले. शरीर भरून येईना, तेव्हा मुंबईत डॉ. दलाल ह्यांच्या आग्रहावरून व व्रत घेताना गाई-म्हशीचेच दूध मनात होते ह्या कस्तुरबांच्या युक्तिवादावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद केली आहे. एवढ्या निग्रही पुरुषाची ही स्थिती, तर सामान्य प्रपंची माणसाने मुदतीचाच प्रयोग करावा, हे उघड आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. बालाघाटाच्या ह्या कोरडवाहू मुलखातील रोजचे जेवण पाहिले, तर ते तीन हिश्श्यांनी निर्दुग्धच आहे. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची, जवसाची वा कारळ्याची चटणी आणि कांदा, ह्यांत दुधाचा थेंब नाही. पुरणपोळीस दुधाऐवजी गुळवणी आपणांकडे आहेच. अडचण येते ती दोन ठिकाणी : उन्हाळ्यातील ताकात व बारमाही चहात. कोरा चहा प्यावयास दिला तर पाहुणा रुसतो, हे खरे. तथापि गूळ व गवती चहा घालून तो चार दिवसांत अंगवळणी पडतो.

पोषणाविषयी काही आकडे ध्यानात असावेत. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, आणि साली न काढलेल्या तिळात बाराशेहून अधिक. हुलग्यात शेकडा सुमारे २२ व भुईमुगाच्या दाण्यांत शेकडा सुमारे २४ भाग प्रथिने असतात; गाईच्या दुधात ती शेकडा तीनच्या जरा वर. मात्र ह्या आकड्यांनी भुलून जाऊ नये. दूध पेल्याने पितात, तीळ चमच्याने खातात. शिवाय तिळातील सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही. प्रौढ माणसास दिवसास एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे वैद्यकसंशोधन परिषदेचे प्रमाण आहे. सबब ज्यास हा महिना पाळावयाचा त्याने भाकरीच्या पिठात नाचणी मिसळावी, तीळ व कारळे रोज खावे, शेवगा व राजगिऱ्याची पालेभाजी वाढवावी. नुसती भाकरी व ठेचा खाऊन व्रत झाले असे म्हणू नये.

एक गोष्ट मात्र जमिनीतून मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ते दूध, अंडी, मांस ह्यांतून मिळते. धान्यांत, डाळींत व भाज्यांत त्याचा भरवसा धरता येत नाही. ते कमी पडले तर रक्त पातळ होते, हातापायांस मुंग्या येतात व स्मरण मंदावते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. आणि ही माणसे दूध सोडलेली नव्हती. धडधाकट माणसाच्या यकृतात ह्याचा साठा दीर्घ काळ पुरतो, म्हणून एका महिन्याने बिघाड होण्याचे कारण नाही. परंतु जो आधीच माळकरी आहे व दूधही थोडेच घेतो, त्याचा साठा मुळात अल्प असू शकतो. त्याने वैद्यास विचारून गोळी घ्यावी. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दुखणाईत व अति वृद्ध ह्यांस ह्या प्रयोगात ओढू नये. मुलांच्या तोंडचे दूध काढून कोणाचेही व्रत पुरे होत नाही.

येथवर आहाराचे झाले. आमच्या मते खरा लाभ पुढे आहे. आम्ही आयुष्य महसुली खात्याच्या कारकुनीत घालविले. जे वहीत उतरत नाही ते डोळ्यांस दिसत नाही, हा आमचा अनुभव. गतवर्षी आश्विनात आमच्या घरातील प्रौढ माणसांनी दूध बंद ठेवले व त्याचे टाचण केले. तेव्हा कळले ते असे : घरी रोज दोन लिटर दूध राहात असे, पैकी सव्वा लिटरावर केवळ चहात जात होते, नातवंडांच्या वाट्यास पेलाभर येई तो नशिबाने. बाकीचे सगळे डेअरीत. म्हणजे दुधाळ जनावर दाराशी असून, ज्यांस दुधाची खरी गरज, त्यांसच ते सर्वांत कमी मिळत होते. आमची खात्री आहे की वाचकांपैकी अनेकांच्या घरी वही मांडली तर याहून निराळे काही निघणार नाही.

वहीतील दुसरा रकाना वासराचा आहे, आणि तो भरताना हात अडखळतो. गाय दूध देते ती विते म्हणून; आणि वितांना निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई व तो पोटापुरते स्वतः मिळवी. आता औत ट्रॅक्टरने ओढले, आणि संकरित गाईच्या बिनवशिंडाच्या गोऱ्ह्यास तसेही जू नीट बसत नाही. गोवधबंदी राज्यात १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ साली ती वळू व बैलांनाही लागू झाली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु दूध विकावे, गोऱ्हा मात्र रात्री परगावच्या रानात सोडून यावा, हा जो प्रकार सुरू झाला आहे, त्याला धर्म म्हणता येणार नाही व व्यवहारही म्हणता येणार नाही. सोडलेला गोऱ्हा दुसऱ्याच कास्तकाराची तूर खातो.

ह्या बाबतीत आमच्याच तालुक्याने एक उदाहरण देशापुढे ठेवले आहे. दहिवंडी येथील शब्बीर सय्यद, ज्यांस सर्व जण शब्बीर मामू म्हणतात, ह्यांस २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्या वेळी शंभराहून अधिक गाईगुरे त्यांचे कुटुंब सांभाळीत होते, व मिळकतीचे साधन मुख्यत्वे शेणखत हे होते. कोणी म्हणेल, असे सर्वांस साधत नाही. कबूल आहे. परंतु दूध आपण घ्यावे व भाकड जनावर आणि गोऱ्हा मामूंनी सांभाळावा, ही वाटणीही न्यायाची नाही. महिनाभर दूध न पिणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही, हाच ह्या प्रयोगाचा आमच्या दृष्टीने मोठा गुण आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाचा विचार करू. ऊसतोडीस न जाता जी घरे गावी टिकली, त्यांतील पुष्कळ दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर टिकली आहेत. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा बायामाणसांनी छावणीत मुक्काम करून जी जनावरे जगविली ती ह्याच पगाराच्या आशेने. अशा लोकांस दूध सोडा म्हणणे क्रूरपणा नव्हे काय? आमचे उत्तर असे की, विकणे सोडा असे आम्ही म्हणतच नाही. २०२२-२३ साली देशात दरडोई रोज ४५९ ग्रॅम दूध निघाले. शेपन्नास घरांनी महिनाभर दूध न प्याल्याने हा व्यापार डळमळत नाही. उलट त्या महिन्यात वाचलेले दूध डेअरीस जास्त जाते. धंदा डळमळतो तो भावाने : २०२४ साली गाईच्या दुधास लिटरमागे ५ रुपये अनुदान शासनास द्यावे लागले, ते काही निर्दुग्ध आहारवाल्यांमुळे नव्हे. शत्रू कोण हे नीट ओळखून मग राग धरावा.

ह्यास्तव आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. ज्यांस इच्छा असेल त्यांनी येत्या आश्विनात, ज्यांच्या घरी मांसाशन चालते त्यांनी त्यासह, एक महिना हा आहार करून पाहावा. वहीत तीन रकाने मांडावे : घरी राहिलेले दूध व ते कोणी प्याले, पेंड, कडबा व औषध ह्यांवरील खर्च, आणि गेल्या पाच वर्षांत गोठ्यात जन्मलेले प्रत्येक वासरू व त्याचे पुढे काय झाले. महिना संपल्यावर दुधाकडे परतावे किंवा न परतावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परतणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्या. घरच्या दुधावर पहिला हक्क मुलांचा ठेवावा. रेतन करविताना कालवडीच व्हाव्या अशा निवडक वीर्यमात्रा मिळतात. त्यांतून दहांपैकी सुमारे नऊ कालवडी होतात, तिकडे वळावे. आणि जे जनावर दारी जन्मले त्याचा शेवटही आपल्याच खात्यावर लिहावा. शेणखताच्या रूपाने ते काही परतफेड करतेच. शेतात हुलगा, तीळ व कारळे ह्यांच्या दोन-दोन तासांची जागा पुन्हा निघाली, तर तो वरकड लाभ.

आमच्या सभेने गावोगावच्या अशा वह्या मागवून पौषातील बैठकीत त्या वाचून दाखवाव्या, अशी सभेच्या चालकांस विनंती आहे. दूध प्यावे की न प्यावे ह्यावर वाद कितीही घालता येईल. परंतु ज्याच्या गोठ्याचे तिन्ही रकाने भरलेले असतील, त्याचेच बोलणे त्या वादात आम्ही जमेस धरू.