गावची माणसे म्हणजे कोण?



यंदा नववीच्या वर्गाला ‘आपल्या परिसरातील नामवंत’ हा प्रकल्प दिला होता. 32 वह्या तपासल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा आहे, आमदार-मंत्री आहेत, देवळांना देणग्या देणारे दानशूर आहेत. त्यांचा मान त्यांना आहेच. पोर्तुगीज अमदानीत व्हिस्कोंद हा किताब मिळालेल्या घराण्याला वगळून पेडण्याचा इतिहास लिहिताच येणार नाही. पण बाकी माणसे कुठे गेली?

एका मुलीने मात्र अंजनीबाई मालपेकर यांच्यावर लिहिले होते. आपल्याच तालुक्यातील मालपे गावी 1883 साली त्यांचा जन्म झाला. मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. 1958 साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कुमार गंधर्वांनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतले. मालपेवरून रोज बसने येणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नव्हते.

ती वही पाहून एका पालकांनी मला विचारले, “बाई, कलावंतांच्या घरातली नावे मुलांना कशाला?” मी हसून विषय बदलला. ती माझी चूक झाली. उत्तर आज देते. ज्यांचे गाणे गावाने देवळात आणि लग्नमंडपात हौसेने ऐकले, त्यांचे नाव घ्यायला गावाला संकोच वाटत असेल, तर तो दोष गाणाऱ्यांचा नाही. आपला आहे.

दुसरे नाव डिचोलीचे. शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ शणै वर्दे वालावलीकर, 23 जून 1877 रोजी डिचोलीत जन्मले. आधुनिक कोकणी गद्याचा पाया त्यांनी घातला, मोलिएरची फ्रेंच नाटके कोकणीत आणली. आमच्या शिक्षक-खोलीत त्यांचा विषय निघाला तेव्हा कोणी म्हणाले, “ते दुसऱ्या बाजूचे.” 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळी दुखावलेली मने अजून पूर्ण बरी झालेली नाहीत, हे मी जाणते. मीही मराठीची कट्टर अभिमानी. पण आपली मुले शाळा सुटल्यावर घरी आईशी ज्या भाषेत बोलतात, तिला ग्रंथात मानाने बसवणारा माणूस परका कसा? त्यांची मते पटोत वा न पटोत, ते आपलेच.

तिसऱ्या नावाबद्दल लिहिताना थोडे स्वतःविषयी सांगते. माझे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. लग्न होऊन इकडे आले तेव्हा बाजारात मला ‘भायली’ म्हणत. त्या दिवसांत पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी मी प्रथमच कर्नैलसिंग यांची हकीकत ऐकली. पंजाबातून आलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडला. त्याचे इथे घर नव्हते, भाट नव्हते, कुळदैवत नव्हते. तरी पेडण्याच्या यादीत त्याचे नाव नसेल तर ती यादी अपुरी आहे.

आपल्या सभागृहाच्या एका भिंतीवर देणगीदारांची नावे आहेत आणि ती असावीत. समोरची भिंत मोकळी आहे. तिथे परिसरातील माणसांचा फलक लावावा. त्यात जात, भाषा किंवा देणगी पाहू नये, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मी लेखी मांडणार आहे. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने सांगावा.

मुलांनो, चवथीला सगळे मूळ घरी जमतात. तेव्हा आजी-आजोबांना विचारा. रात्री दशावतारात राजाचा मुकुट घालून सकाळी काजूच्या बागेत बोंडू वेचणारा कोण होता? निम्म्या वाड्याची बाळंतपणे करणारी सुईण कोण होती? एकेका माणसावर एकेक पान लिहून आणा. घरातले कोणी “ते नको लिहूस” म्हणाले, तर का नको, तेही विचारा.

आणि त्या मुलीला सांगायचे आहे, तुझी वही मी परत केलेली नाही. फलकावरचा पहिला मजकूर तिच्यातूनच घ्यायचा आहे.

— मुख्याध्यापिका