चेंडू कोणाचा?

दहावीचे वर्ष लागले की नांदेड-लातूरकडच्या पुष्कळ घरांत पहिली गदा खेळावर येते. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. आणि चेंडू माळ्यावर! ‘लातूर पॅटर्न’च्या गावांत अभ्यास करू नका असे मी कसे म्हणेन? परंतु मैदानावर घालवलेला तास गणितातून वजा होतो, हा हिशेब मला मान्य नाही.

फुटबॉलचेच पाहा. आलेखाच्या कागदावर १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदान काढा. ५ मीटरला १ सेंटिमीटर धरले की ते वहीत मावते. त्यावर खेळाडूंचे २२ ठिपके द्या. आता चेंडू अमुक जागी पडला तर सर्वांत जवळ कोण? शेजारच्या दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढला की त्या दोघांच्या हद्दीची रेषा मिळते. अशा रेषांनी प्रत्येकाच्या वाट्याला एक बहुभुज येतो. गणिती व्होरोनॉय (१८६८–१९०८) यांच्या नावाने ही आकृती ओळखली जाते. दोन्ही गोलरक्षक वगळले तर एकेकाच्या वाट्याला सरासरी ३५७ चौरस मीटर जागा येते. प्रत्यक्षात मधल्या घोळक्यातील मुलाला त्याहून पुष्कळच कमी मिळते आणि कडेला एकट्या उभ्या असलेल्याला प्रशस्त वावर! चेंडू कडेला का टाकतात, ते आकृतीच सांगते.

पण हे प्रतिमान फसते, आणि खरी गंमत तेथेच आहे. रमेश चेंडूपासून १० मीटरवर उभा आहे. सलीम १४ मीटरवर आहे, पण सेकंदाला ६ मीटर वेगाने चेंडूकडेच धावतो आहे. रमेशचे त्वरण ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग आणि त्याचाही कमाल वेग ६ मीटर धरा. पहिल्या २ सेकंदांत तो ६ मीटर जाईल, उरलेल्या ४ मीटरांना ०.६७ सेकंद, एकूण २.६७. सलीमला लागतात २.३३ सेकंद. जवळचा हरला! म्हणून २००० साली जपानमधील ताकी व हासेगावा यांनी ‘जवळ कोण’ याऐवजी ‘आधी कोण पोहोचेल’ असे विचारून हद्दी आखल्या. आज मोठ्या सामन्यांत कॅमेरे सेकंदाला २५ वेळा प्रत्येकाची जागा टिपतात, आणि संगणक अशीच आकडेमोड करतो.

हा नुसता खेळ नव्हे. १९११ साली अमेरिकेत थीसेन यांनी खेळाडूंच्या जागी पर्जन्यमापक आणि मैदानाच्या जागी पाणलोट क्षेत्र घेऊन हीच आकृती सरासरी पाऊस काढण्यासाठी वापरली. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील मुलांना मांजरेच्या पाणलोटाचा असा नकाशा काढता आला पाहिजे. तेथेही ‘जवळचा’ फसवतोच. मधला डोंगर त्या रेषांना दिसत नाही.

मात्र मी दिलेले ६ आणि ३ हे आकडे मानलेले आहेत. तुमच्या संघाचे खरे आकडे कोणत्याच गाईडात सापडणार नाहीत. गणिताच्या व खेळाच्या शिक्षकांना एकदा एकाच तासाला मैदानावर बोलवा. दर ५ मीटरला फक्कीची रेघ मारा, घड्याळ घेऊन रेघेवर बसा आणि रमेशला पळवा.