टाळ्यांची मोजपट्टी

'सर फार छान शिकवतात' हे वाक्य अध्यापनाचे प्रमाणपत्र मानण्याची सवय आता मोडली पाहिजे. हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाच्या प्रास्ताविक वर्गांवरचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. पाठ्यांश एकच, काहींनी अनुभवी अध्यापकाचे सफाईदार व्याख्यान ऐकले, काहींनी गटांत बसून उदाहरणे सोडवली. चाचणीत दुसरे सरस ठरले. आपण अधिक शिकलो असे मात्र पहिल्यांना वाटले! अभिप्रायपत्रिकेत उतरते ती ही ओघवत्या वाणीची भूल.

यावर 'शिकणे मोजताच येत नाही' असे म्हणून आपण साहित्याचे अध्यापक सुटका करून घेतो. ही पळवाट आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांच्या पूर्व आणि उत्तर चाचण्यांचे निकाल मांडले. शक्य होती त्यापैकी सरासरी २३ टक्के प्रगती पारंपरिक वर्गांत झाली, विद्यार्थ्यांच्या सक्रिय सहभागाच्या वर्गांत ४८ टक्के. आकडेमोड नसलेले, रोजच्या भाषेतले, संकल्पना तपासणारे प्रश्न त्यासाठी पुरले.

न शिकवलेली कविता विद्यार्थी स्वतः वाचू शकतो का, हे आपण वर्षारंभी आणि वर्षाअखेर कधी तपासले आहे? तेवढे धैर्य नसेल, तर मिळालेल्या टाळ्यांना निदान अध्यापन म्हणू नये.