परिपत्रकाविना उगवणारा दिवस

शाळा-महाविद्यालयांतून साजरे होणारे बहुतेक ‘दिन’ वरून आलेल्या परिपत्रकाने उगवतात आणि अहवाल रवाना होताच मावळतात. त्यांत उत्साहापेक्षा उपचारच अधिक. या दृष्टीने अमेरिकेतील ‘पाय दिना’ची कथा उद्बोधक आहे.

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे पाय. त्याचे स्थूल मूल्य ३.१४. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून दिवस ठरला १४ मार्च. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्स्प्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयातील पदार्थविज्ञानज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ साली सहकाऱ्यांसह वर्तुळाकार फेरी काढली आणि सर्वांनी ‘पाय’ याच उच्चाराचा फळांचा पदार्थ खाल्ला. विनोद एवढाच! ना सुटी, ना अनुदान. तरीही २००९ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाने या दिवसाच्या पाठिंब्याचा ठराव केला आणि २०१९ साली युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून घोषित केला. राजमान्यता आली ती लोकमान्यतेच्या मागून.

आपल्याकडे तारीख आधी, महिना नंतर. त्यामुळे २२ जुलै हा दिवस २२/७ या आपल्या विद्यार्थ्यांच्या चिरपरिचित अपूर्णांकाशी नेमका जुळतो. त्या दिवशी एखाद्या शिक्षकाने गोल ताटाभोवती दोरा गुंडाळून त्यात ताटाचा व्यास किती वेळा मावतो, हे मुलांकडूनच मोजवून घेतले, तर खर्च होईल तो दोऱ्याचा. हुकमाने हजेरी मिळते, हौस मिळत नाही. म्हणून शिक्षण खात्याने या दिवसाचे परिपत्रक तेवढे काढू नये!