पडद्यावरच्या झाडासाठी अश्रू

2009 सालच्या डिसेंबरात जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ हा विज्ञानपट जगभर प्रदर्शित झाला आणि नाताळच्या सुट्टीत आम्हीही तो मुलाबाळांसह पाहून आलो. नाव आपल्या संस्कृतातले, गोष्ट मात्र दूरच्या अंतराळातली. पँडोरा नावाच्या एका उपग्रहावर नावी नावाचे निळ्या कांतीचे, उंच बांध्याचे लोक राहतात. त्यांची सारी वस्ती एका महावृक्षाच्या आश्रयाने नांदते. त्या वृक्षाखाली मौल्यवान खनिज दडलेले आहे. पृथ्वीवरची कंपनी सैन्य घेऊन येते आणि वृक्ष पाडते. तो वृक्ष कोसळला तेव्हा काळोखात हुंदके ऐकू आले. आमचेही डोळे ओलावले, हे आम्ही लपवीत नाही.

बाहेर आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. जे झाड कधी उगवलेच नाही त्याच्यासाठी आपण रडलो. मग जी खरोखर उभी होती आणि खरोखर पडली, त्यांच्यासाठी आपले डोळे कोरडे का राहिले? हा प्रश्न पडताच आम्हांला मनिला आठवली.

1995 सालच्या जानेवारीत जागतिक युवा दिनासाठी आम्ही काही जण मनिलाला गेलो होतो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या समारोपाच्या मिस्सेला सुमारे 50 लाखांचा जनसागर लोटला होता, असे सांगितले जाते. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही इंत्रामुरोस या तटबंदीच्या जुन्या शहरात गेलो, ते आपल्या वसईच्या सुपुत्राच्या शोधात. संत गोन्सालो गार्सिया हे जन्माने वसईचे. पण फ्रान्सिस्कन झगा त्यांनी अंगावर घेतला तो मनिलात. 1593 साली ते मनिलाहूनच पेद्रो बाप्तिस्तांबरोबर दुभाषी म्हणून जपानला गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. इंत्रामुरोसमधील फ्रान्सिस्कनांचे चर्च व मठ 1945 च्या मनिलाच्या लढाईत धुळीस मिळाले. आम्ही गेलो तेव्हा त्या जागी एक शिक्षणसंस्था उभी होती. तटाच्या आतील चर्चांपैकी एकटे सान अगुस्तिन युद्धातून वाचले. त्या महिन्याभरात सुमारे 1 लाख नागरिक मेले. एवढे घडूनही आपल्या धर्मग्रामांत त्या शहरासाठी एखादी प्रार्थना झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

युद्धाचे पाप परक्यांच्या माथी मारता येते. ‘अवतार’ची गोष्टही तीच सोय करून देते. दुष्ट माणसे आभाळातून उतरतात, गावकरी निष्पाप असतात, आणि प्रेक्षक आपोआप गावकऱ्यांच्या बाजूला बसतो. आमचा या चित्रपटावर मुख्य आक्षेप आहे तो इथेच. वारशाचा नाश करणारा नेहमी बाहेरून, यंत्रे घेऊन येतो, अशी समजूत तो पक्की करतो. फिलिपिन्सचा इतिहास वेगळेच सांगतो.

मनिलाचे मेट्रोपॉलिटन थिएटर पाहा. हुआन आरेयानो या फिलिपिनो वास्तुशिल्पज्ञाने ते बांधले आणि 1931 साली ते खुले झाले. नाटक आणि संगीत यांचे ते माहेरघर. युद्धात ते जखमी झाले, 1978 साली सावरले, आणि 1996 साली त्याला कुलूप लागले. तेथे कोणी बाँब टाकला नव्हता. लोक वातानुकूलित मॉलमधल्या पडद्यांकडे वळले आणि नाट्यगृह ओलीत कुजत राहिले. ‘अवतार’ आला तेव्हाही त्याची दारे बंदच होती. 2015 साली सरकारने ते विकत घेतले, स्वयंसेवकांनी हाती झाडू धरला, आणि 2021 साली त्याचे पुनरुज्जीवन झाले. त्याच शहरातील ताफ्त मार्गावरची 1940 सालची देखणी हाय-अलाय इमारत मात्र इतकी भाग्यवान नव्हती. लोकांचा विरोध डावलून 2000 साली ती पाडण्यात आली. पाडणारे कोणी परग्रहवासी नव्हते, तिथलेच होते.

आता खऱ्या डोंगरातल्या खऱ्या जमातीची गोष्ट. लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्दियेरा पर्वतरांगेतून चिको नदी वाहते. मार्कोस यांच्या राजवटीत, 1970 च्या दशकात, तिच्यावर चार धरणे बांधण्याचा घाट घातला गेला. कालिंगा व बोंतोक लोकांची गावे, भातखाचरे आणि पूर्वजांची दफनभूमी पाण्याखाली जाणार होती. मॅक्लिइंग दुलाग हा बुगनाय गावचा पुढारी विरोधाला उभा राहिला. 24 एप्रिल 1980 रोजी सैनिकांनी त्याच्या घरी येऊन त्याला गोळ्या घातल्या. पण लोक हटले नाहीत आणि अखेर ती योजना गुंडाळावी लागली. पँडोराच्या लोकांना तारायला एक परका शिपाई लागतो. चिकोच्या लोकांना कोणी तारले नाही, त्यांनी स्वतःच स्वतःला तारले. वाचकहो, नावींच्या नायकाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे. दुलागचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते?

भाषेचीही तीच कथा. नावी लोकांसाठी पॉल फ्रोमर या भाषातज्ज्ञाने एक नवी भाषा रचली आणि हौशी लोक ती शिकू लागले. तिकडे इफुगाओ प्रांतात, भातशेतीच्या पायऱ्या खोदलेल्या डोंगरांत, ‘हुदहुद’ नावाची दीर्घ गीते आहेत. पेरणीला, कापणीला आणि मृताच्या जागरणाला ती गायिली जातात, आणि गाणाऱ्या बहुधा वृद्ध स्त्रिया असतात. युनेस्कोने 2001 साली त्यांचा जागतिक ठेवा म्हणून गौरव केला. त्याच वर्षी ती पायऱ्यांची शेतेही ‘धोक्यातील वारसा’ म्हणून नोंदली गेली, कारण तरुण शहराकडे निघून गेले आणि बांध ढासळू लागले. 2012 साली ती नोंद काढण्यात आली, पण गाणाऱ्या आज्यांची जागा घेणाऱ्या नाती थोड्याच. आणि एक कडू सत्य आपण कॅथोलिकांनी गिळलेच पाहिजे. ही परंपरा क्षीण होण्याच्या कारणांत इफुगाओंचे कॅथोलिक धर्मांतरही युनेस्कोने नोंदविले आहे. सुवार्ता पोहोचली ही आनंदाची गोष्ट. पण गाणे गेले, ते सुवार्तेने मागितले होते काय?

2022 साली ‘अवतार’चा दुसरा भाग आला आणि त्यात समुद्रावर जगणारी जमात दाखविली गेली. फिलिपिन्सच्या दक्षिणेला बाजाव नावाचे सागरपुत्र पिढ्यान्पिढ्या नावांतून राहत आले. लढाया आणि दारिद्र्य यांमुळे त्यांतील कित्येक कुटुंबे शहरांच्या रस्त्यांवर आली. नाताळच्या दिवसांत त्यांची पोरे ढोलकी वाजवीत प्रवाशांपुढे हात पसरतात. पडद्यावरच्या सागरपुत्रासाठी कळवळणारा प्रेक्षक थिएटरातून घरी जाताना त्या पोराच्या तोंडावर गाडीची काच वर करतो. असा करुणेचा हिशेब प्रभू येशूपुढे कसा मांडायचा?

आता चर्चकडे वळू, कारण न्याय आपल्या घरापासून सुरू व्हायला हवा. फिलिपिन्समधील जुन्या चर्चांच्या भिंती कुठे प्रवाळाच्या, तर कुठे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या मऊ दगडाच्या आहेत. हा दगड सच्छिद्र असतो. म्हणून जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढविला. त्याला तिथे ‘पालितादा’ म्हणतात. हा गिलावा पाऊस स्वतःच्या अंगावर झेलतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. तो झिजतो, पुन्हा लावावा लागतो. झिजणे हेच त्याचे काम. 20 व्या शतकाच्या उत्तरार्धात एक हौस पसरली की दगड उघडा दिसला म्हणजे चर्च अधिक प्राचीन दिसते. मग ठिकठिकाणी गिलावा खरवडून काढण्यात आला. भेगा सिमेंटने बुजविल्या गेल्या. सिमेंट ओल कोंडून ठेवते, आणि दगडाचा हळूहळू भुगा होतो. तीनशे पावसाळे सोसलेली भिंत अशी माणसाच्या हौसेने उघडी पडली.

हे करणारे वाईट लोक नव्हते. ते श्रद्धाळू होते, चर्च सुंदर दिसावे म्हणून झटत होते, आणि पैसाही भाविकांनीच दिला होता. त्याच काळात जुन्या मूर्ती, वेद्या, चांदीची पात्रे पुराणवस्तूंच्या दुकानांत पोहोचली. सेबू बेटावरील बोल्होऑन गावच्या चर्चमधील व्यासपीठाच्या कोरीव फळ्या 1980 च्या दशकात नाहीशा झाल्या. 2024 साली त्या राष्ट्रीय संग्रहालयात देणगी म्हणून प्रकटल्या आणि सेबूच्या महाधर्मप्रांताने त्या परत मागितल्या. फळी आपल्या पायांनी व्यासपीठ सोडून जात नाही. कोणीतरी दार उघडलेले असते आणि कोणीतरी पाहूनही गप्प बसलेले असते.

काही जण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडे बोट दाखवितात. ‘नवी उपासना आली, जुने हलवावे लागले,’ असे म्हणतात. त्यांनी परिषदेचा 1963 सालचा उपासनेविषयीचा दस्तऐवज उघडून पाहावा. पवित्र वस्तू व मौल्यवान कलाकृती विकल्या जाऊ नयेत वा विखुरल्या जाऊ नयेत, याची दक्षता धर्माधिकाऱ्यांनी घ्यावी, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. परिषदेच्या नावावर जे खपविले गेले, ते परिषदेने सांगितलेच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘ख्रिस्तसभा म्हणजे माणसे, दगडविटा नव्हेत. शिवाय ती चर्चे तर स्पेनच्या सत्तेची निशाणी.’ आम्ही उत्तर देतो की ते दगड वाहिले कोणी? स्पॅनिश अमलात गावकऱ्यांना सक्तीची मजुरी करावी लागे. त्या भिंतींत त्यांचा घाम मुरला आहे, आणि पुष्कळदा त्यांचे अश्रूही. भिंत भुगा होते तेव्हा स्पेनचे काही जात नाही, त्या अनाम फिलिपिनो मजुराची एकमेव सही पुसली जाते. 15 ऑक्टोबर 2013 च्या भूकंपात बोहोल बेटावरील लोऑनचे भव्य चर्च कोसळले. ते पुन्हा उभारले गेले आणि 2021 साली खुले झाले. माणसे महत्त्वाची, हे त्या माणसांना कळत नव्हते काय? कळत होते, म्हणूनच त्यांनी दगड टाकून दिले नाहीत.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की कॅमेरून यांनी चित्रपटावरच हात झटकले नाहीत. 2010 साली ते ब्राझीलमध्ये शिंगू नदीवरील धरणाला विरोध करणाऱ्या आदिवासींच्या पाठीशी उभे राहिले. धरण तरीही झाले. पण कल्पनेतल्या झाडापासून खऱ्या नदीपर्यंत ते चालत गेले. प्रेक्षक म्हणून आपण मात्र खुर्चीतून उठून थेट उपाहारगृहात गेलो. आमचे भांडण चित्रपटाशी कमी आणि या फुकटच्या अश्रूंशी अधिक आहे. काल्पनिक दुःखाचा खर्च तिकिटापुरता असतो. खऱ्या वारशाचा खर्च दर पावसाळ्याला येतो.

आम्ही हे सारे फिलिपिन्सच्या बंधुभगिनींना शिकविण्यासाठी लिहीत नाही. ज्यांच्या किल्ल्यात 1739 नंतर चर्चे छपराविना उभी आहेत, त्यांनी कोणाला शिकवावे? जुना चुना खरवडून चकचकीत फरशी बसविण्याची हौस आपल्याकडेही आहे. मिस्सेनंतर आवारात उभे राहून ती हौस वाखाणणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून मागणे साधे आहे. आपल्या धर्मग्रामातील जुन्या मूर्ती, पात्रे, वह्या आणि घंटा यांची एक यादी करावी, तिची प्रत धर्मगुरूंबरोबरच कुटुंबांकडेही असावी. जुन्या भिंतीला हात लावण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला विचारावे. ज्या आजीला लग्नाची आणि मयताची जुनी गाणी येतात, तिच्याजवळ नातीला एक संध्याकाळ बसवावे.

गोन्सालो गार्सियांना जे घर मिळाले ते मनिलाने दिले, आणि आज त्या घराचा एक दगडही आपल्याला दाखविता येत नाही. वसईच्या लेकराला आसरा देणाऱ्या त्या शहराचे आपण एवढे तरी देणे लागतो, की त्याच्या दुःखातून आपण काही शिकावे. पुढच्या नाताळात मुले पुन्हा चित्रपटाला नेण्याचा हट्ट धरतील. अवश्य न्यावे. परतताना मात्र त्यांना आपल्या चर्चच्या मागच्या भिंतीपाशी उभे करावे, तिथे हात टेकवावा आणि सांगावे की हे झाड खरे आहे, आणि ते अजून उभे आहे.